ओहोटीच्या वेळी सागरी गुहेत जाताना पाण्याचा हिशोब कसा करावा?

किनारवाट (प्रश्न)

नमस्कार. समुद्रकड्याच्या पायथ्याशी असलेल्या आणि केवळ ओहोटीच्या वेळी चालत जाता येणाऱ्या एका गुहेला मी आतापर्यंत दोनदा भेट दिली. दोन्ही वेळी आलेला अनुभव इतका वेगळा होता की तिसऱ्यांदा जाण्यापूर्वी जाणकारांना विचारून घेणे मला आवश्यक वाटते.

पहिल्यांदा मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची पातळी ०.४ मीटर होती. गुहेचा तळ पूर्ण कोरडा होता, अगदी आतल्या भिंतीपर्यंत ओल्या वाळूतून चालत जाता आले आणि परतताना बूटसुद्धा भिजले नाहीत. साधारण आठवड्याभरानंतर मी बहिणीला घेऊन पुन्हा गेलो. त्या दिवशीही तक्त्यात दिलेल्या ओहोटीच्या वेळेलाच आम्ही पोहोचलो होतो, पण पातळी १.५ मीटर होती आणि त्या आकड्याकडे मी लक्षच दिले नव्हते. वाटेत कड्याचा एक कोपरा वळून जावे लागते, तिथे मांडीच्या वरपर्यंत पाणी होते. गुहेत गुडघाभर पाणी होते. ओहोटी आहे म्हणजे पाणी आणखी उतरेल अशी माझी समजूत होती, म्हणून आम्ही तासभर आतच थांबलो. परत निघालो तेव्हा त्याच कोपऱ्यावर पाणी कमरेला लागले होते, लाट आली की छातीपर्यंत येत होते आणि बहिणीला एका हाताने खडकाला आणि दुसऱ्या हाताने मला धरून तो टप्पा पार करावा लागला. तिला पोहता येत नाही. तो कोपरा ओलांडायला आम्हाला दोन-तीन मिनिटेच लागली असतील, पण त्यानंतर कित्येक दिवस मला नीट झोप लागली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. दोन्ही दिवशी ओहोटीच असताना पाण्यात एवढा फरक कसा पडला? ‘ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास’ असा नियम मी काही ठिकाणी वाचला आहे, तो कोणत्याही गुहेला लावता येतो का? आणि गुहेत शिरण्यापूर्वी ती जागा पाहून काही अंदाज बांधता येतो का?

भांगउधाण (प्रतिसाद)

आपण दोघेही सुखरूप परत आलात हे वाचून बरे वाटले. आपण आकडे नोंदवून ठेवलेत याबद्दल आपले विशेष आभार, कारण त्या आकड्यांवरूनच आपल्या गुहेविषयी बरेच काही सांगता येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चंद्राकडे आहे. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी साधारण एका रेषेत येतात, त्यांचे आकर्षण एकाच दिशेने काम करते आणि उधाणाची भरती येते. अशा दिवसांत भरतीला पाणी जास्त चढते, तसेच ओहोटीला ते जास्त खालीही उतरते. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती असते. पाणी कमी चढते आणि कमी उतरते. आपण पहिल्यांदा उधाणाच्या ओहोटीला गेलात आणि दुसऱ्यांदा भांगाच्या ओहोटीला. बहुतेक किनाऱ्यांवर सर्वांत मोठे उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशीच न येता एक-दोन दिवस उशिरा येते, त्यामुळे पहिल्या वेळी आपला दिवस योगायोगाने उत्तम निवडला गेला होता. ‘ओहोटी’ हा शब्द केवळ पाणी वळण्याचा क्षण सांगतो, पाणी किती उतरले हे सांगत नाही. तक्त्यातल्या वेळेच्या शेजारी छापलेला उंचीचा आकडा आपल्यासाठी वेळेइतकाच, किंबहुना वेळेहून अधिक महत्त्वाचा आहे.

ही उंची एका ठरावीक आधारपातळीपासून मोजलेली असते आणि ती आधारपातळी सगळ्या देशांत एकसारखी नसते. म्हणून एका किनाऱ्यावरचा ०.४ हा आकडा दुसऱ्या किनाऱ्यावरच्या ०.४ शी ताडून पाहू नये. शिवाय तक्ता बहुधा जवळच्या बंदराचा असतो, गुहेचा नसतो. उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत असलेल्या देशांत तर तक्त्यातली वेळ कोणत्या घड्याळाची आहे हे तपासणे भागच असते, कारण एका तासाच्या चुकीने सगळा बेत उलटा होऊ शकतो.

आता आपल्या जागेचा हिशोब करू. पातळी १.५ मीटर असताना गुहेत गुडघाभर, म्हणजे अंदाजे अर्धा मीटर पाणी होते. याचा अर्थ गुहेचा तळ साधारण १.० मीटरवर आहे. त्याच वेळी कोपऱ्यावर पाणी मांडीच्या वर, म्हणजे सुमारे ८० सेंटीमीटर होते, म्हणून कोपऱ्याचा तळ ०.७ मीटरच्या आसपास आला. म्हणजे कोपरा गुहेपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर खाली आहे. पाणी आधी तिथे येते आणि आपण गुहेत कोरड्या वाळूवर उभे असतानाच मागची वाट बंद झालेली असते. माझ्या मते आपल्या सगळ्या प्रश्नांचा गाभा या ३० सेंटीमीटरमध्ये आहे. वेळ ठरवताना गुहेच्या तळाची उंची गृहीत धरू नका. संपूर्ण वाटेवरची सर्वांत खोलगट जागा कोणती आहे ते शोधा आणि तिचा आकडा धरा.

पाणी कोणत्या वेगाने चढते याचा ढोबळ अंदाज दर्यावर्दी लोक बाराव्या भागाच्या नियमाने बांधतात. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात. भरती आणि ओहोटी यांच्यातील तफावतीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा, उधाणाच्या दिवशी ओहोटी ०.४ आणि भरती ४.६ मीटर आहे. तफावत ४.२ मीटर झाली, म्हणजे एक भाग ३५ सेंटीमीटरचा. पहिल्या तासाअखेर पातळी ०.७५ होईल, दुसऱ्या तासाअखेर १.४५ आणि तिसऱ्या तासाअखेर थेट २.५ मीटर. गुहेचा तळ ओहोटीनंतर साधारण १ तास २० मिनिटांनी भिजेल, पण कोपरा मात्र ५० मिनिटांतच पाण्याखाली जाईल. मधली ही ३० मिनिटे सर्वांत फसवी असतात. प्रत्यक्षात ओहोटीच्या तळाशी पाणी या नियमापेक्षा थोडे संथ हलते, त्यामुळे हा हिशोब जरा सावध बाजूला झुकलेला असतो, आणि तो तसाच राहू द्यावा.

यावरून ‘दोन तास आधी, दोन तास नंतर’ या नियमाचेही उत्तर मिळते. न्यूझीलंडच्या कॅटलिन्स किनाऱ्यावरील कॅथेड्रल केव्ह्ज या गुहांसाठी तो नियम खरोखर सांगितला जातो. कॅनडातील फंडीच्या उपसागरात हॉपवेल रॉक्स येथे समुद्रतळावर चालण्यासाठी ओहोटीच्या आधी आणि नंतर तीन-तीन तासांचा अवधी सांगतात. हे आकडे त्या-त्या जागेच्या उंचीवरून आणि तिथल्या तफावतीवरून आलेले आहेत. फंडीच्या उपसागरात तफावत काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत जाते. तिथला नियम आपल्या कोपऱ्याला लावला तर काय होईल हे वरच्या हिशोबावरून आपल्या लक्षात येईलच. एखाद्या गुहेच्या तोंडाशी असा नियम फलकावर लिहिला असेल, तर तो फक्त त्याच गुहेचा आहे असे समजावे.

एक सवय मात्र सगळीकडे उपयोगी पडते. पाणी उतरत असताना, त्याच्या मागोमाग आत जावे आणि ओहोटीच्या क्षणी परत फिरावे. आपण ओहोटीच्या वेळी पोहोचलात, खरे तर ती निघण्याची वेळ होती.

लाटमोजणी (प्रतिसाद)

वरचा हिशोब अगदी बरोबर आहे, पण तो शांत, सपाट पाण्याचा आहे. समुद्र तसा क्वचितच असतो, म्हणून मी लाटांविषयी लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका गुहेत उभी होते. वारा नव्हता, पाणी तेलासारखे सपाट दिसत होते, ओहोटी उतरायला अजून अर्धा तास बाकी होता आणि गुहेच्या तोंडाशी फक्त घोट्याएवढे पाणी आत-बाहेर करत होते. दहा-बारा मिनिटे तसेच चालले. मग अचानक कानांत दडा बसल्यासारखे झाले. लाट अजून दिसलीही नव्हती, पण तिने तोंडातून आत ढकललेली हवा आधी येऊन पोहोचली होती. पाठोपाठ पाणी आले, त्याच्याबरोबर तळातले गोटे खडखडत आले, आणि त्यातल्या एका गोट्याने माझी नडगी फुटली. मी खाली बसले तोवर दुसरी लाट आली, आणि तिसरीने मला मागच्या भिंतीपर्यंत नेले. त्यानंतर पुन्हा सगळे शांत झाले, जणू काही घडलेच नव्हते.

त्या लाटा तिथल्या वाऱ्याच्या नव्हत्या. दूर समुद्रात कुठेतरी झालेल्या वादळातून निघून शेकडो, हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला तो स्वेल होता. अशा लाटा उघड्या समुद्रात ठेंगण्या दिसतात, पण त्यांचा आवर्तकाल, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधला वेळ, मोठा असतो. खोल पाण्यात ६ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर असते, तर १४ सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरहून अधिक. सारख्याच उंचीच्या दोन लाटांमध्ये लांब लाट किनाऱ्यावर बरीच वर चढते, आणि गुहा आत निमुळती होत गेली असेल तर तेच पाणी कमी जागेत दाबले जाऊन आणखी उसळते. शिवाय या लाटा गटागटाने येतात आणि दोन गटांमध्ये कित्येक मिनिटांची शांतता असू शकते. हवामानाच्या अंदाजात लाटेची जी उंची दिलेली असते, ती बहुधा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तासांच्या अवधीत एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येणे हे नेहमीचेच आहे.

म्हणून माझा नियम असा आहे की गुहेच्या तोंडासमोर, उंच आणि कोरड्या जागी, घड्याळ लावून किमान २० मिनिटे बसायचे आणि सर्वांत मोठी लाट कुठवर पोहोचते ते पाहायचे. या २० मिनिटांत एकदाही पाणी मागच्या भिंतीला लागले, तर त्या दिवशी आत जायचे नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अगदी थोडा असतो, तरीही काप्री बेटावरची निळी गुहा समुद्र खवळला की बंद ठेवावी लागते, कारण तिचे तोंड पाण्यावर जेमतेम मीटरभर उंच आहे आणि होडीत आडवे होऊनच आत जावे लागते. त्या गुहेत जाता येईल की नाही हे लाटाच ठरवतात.

हवेचा दाबही पाहावा. दाब १ हेक्टोपास्कलने (हवामानाच्या अंदाजात वापरले जाणारे हवेच्या दाबाचे एकक) उतरला की समुद्राची पातळी सुमारे १ सेंटीमीटरने चढते. दाब नेहमीपेक्षा २० हेक्टोपास्कल कमी असेल, तर तक्त्यातल्या ०.४ च्या जागी प्रत्यक्ष ०.६ मीटर पाणी असेल आणि भांगउधाण यांनी काढलेली कोपऱ्याची ५० मिनिटे १५-२० मिनिटांवर येतील. समुद्राकडून किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर तेवढीही उरणार नाहीत.

किनारवाट

आपल्या दोघांच्या प्रतिसादांबद्दल मी मनापासून आभारी आहे. कोपरा गुहेपेक्षा खाली आहे ही गोष्ट दोनदा तिथून चालत जाऊनही माझ्या ध्यानात आली नव्हती, कारण पहिल्या वेळी तिथे सगळीकडे सारखीच ओली वाळू दिसत होती. माझा तिसरा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. समजा, एखाद्या गुहेविषयी काहीच माहिती नाही, तर तिच्या भिंती पाहून पाणी कुठवर येते ते कळते का? आणि वाट बंद झालीच, तर काय करावे?

खडकवाचन (प्रतिसाद)

भिंतींवर ते लिहिलेलेच असते, फक्त वाचायला शिकावे लागते. खडकाळ किनाऱ्यावर जीवांचे पट्टे एकावर एक असतात. तळाशी मोठ्या सागरी वनस्पती, त्यावर बार्नेकल (खडकाला कायमचे चिकटलेले कवचधारी जीव) आणि शिंपल्यांचा पट्टा आणि त्याच्याही वर, थंड प्रदेशांच्या किनाऱ्यांवर, डांबर सांडल्यासारखा दिसणारा काळ्या दगडफुलाचा पट्टा. बार्नेकल पाण्याखाली असतानाच अन्न घेऊ शकतात, म्हणून त्यांचा पट्टा जिथवर आहे तिथवर भरतीचे पाणी नियमित येते हे निश्चित. काळा पट्टा लाटांच्या तुषारांचा असतो. गुहेच्या आत अंधारामुळे वनस्पती विरळ होत जातात, तेव्हा तिथे इतर खुणा पाहाव्यात. मी एकदा एका गुहेत छताकडे विजेरी मारली तेव्हा माझ्या डोक्यापासून हातभर उंचीवर, एका भेगेत, निळ्या नायलॉनच्या दोराचा तुकडा आणि एक लाकडी फळकूट घट्ट अडकलेले दिसले. ते तिथे कोणी ठेवले नव्हते, लाटेनेच कोंबले होते. त्या गुहेत भरतीच्या वेळी उंचावर आसरा घेण्याजोगी एकही जागा नाही हे त्या दोराने मला सांगितले.

छताकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. सागरी गुहा खडकातल्या दुबळ्या जागीच तयार होते. सांधा, प्रस्तरभंग किंवा मऊ थर असेल तिथे लाटांचा दाब आणि त्यांनी आपटलेले गोटे खडक पोखरत जातात. गुहा भूशिराच्या आरपार गेली की सागरी कमान होते आणि कमान कोसळली की सागरी स्तंभ उरतो, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. हे कोसळणे थांबलेले नसते, एवढेच इथे लक्षात ठेवायचे. स्कॉटलंडमधील स्टाफा बेटावरच्या फिंगल्स केव्हसारखी षट्कोनी स्तंभांच्या कणखर बेसॉल्टमधली गुहा वेगळी आणि मऊ वालुकाश्मातली गुहा वेगळी. तळावर धारदार कडांचे, शेवाळ न धरलेले, ताज्या रंगाचे दगड दिसले, तर ते अलीकडेच छतातून पडलेले आहेत असे समजावे आणि बाहेर यावे. जोराच्या पावसानंतर तर मी जातच नाही. शिरस्त्राण आणि दोन स्वतंत्र विजेऱ्या मात्र प्रत्येक वेळी बरोबर असतात.

गुहेत प्राणी असतील याचेही भान ठेवावे. राखाडी सील काही किनाऱ्यांवर गुहांमधल्या वाळूवर पिल्लांना जन्म देतात, आणि भूमध्य समुद्रातील माँक सील तर आता बहुतांशी गुहांच्याच आश्रयाला असतात. आत सील दिसला तर त्याच पावली मागे फिरावे. मादी घाबरून पाण्यात गेली तर पिल्लू एकटे पडते, आणि तिच्या पाण्याकडच्या वाटेत आपण उभे असू तर ती चावतेही. चालताना शक्यतो उघड्या खडकावर किंवा वाळूवर पाय ठेवावा. बार्नेकलवर पकड चांगली बसते हे खरे, पण आपल्या वजनाने ते चिरडले जातात. लिंपेट (खडकाला घट्ट धरून राहणारे, शंकूसारख्या कवचाचे गोगलगायीच्या जातीचे जीव) ओढून काढू नयेत. प्रत्येक लिंपेट भरतीत फिरून बहुधा आपल्या ठरलेल्या जागीच परततो आणि त्याच्या कवचाची कड त्या जागेच्या खडकाशी तंतोतंत जुळलेली असते.

आता वाट बंद झाली तर काय करावे ते सांगतो. पोहून कोपरा वळण्याचा प्रयत्न करू नये, कारण कड्याजवळ लाटा आपटून परतत असतात आणि खडकावर फेकले जाण्याचा धोका बुडण्याइतकाच मोठा असतो. कडा चढण्याचाही प्रयत्न करू नये. गुहेतून लगेच बाहेर पडावे, कारण आत ना मोबाइलची रेंज मिळते ना कोणाला आपण दिसतो. बाहेर काळ्या पट्ट्याच्याही वर एखादा कोरडा कट्टा असेल आणि तिथे सहज पोहोचता येत असेल, तर वर जाऊन बसावे आणि पाणी फार चढण्याआधीच तटरक्षक किंवा आपत्कालीन सेवेला फोन करावा. मदत मागायला संकोच करू नये. पाणी चढून पुन्हा उतरेपर्यंत दहा तासांहून अधिक वेळ जाऊ शकतो आणि तेवढ्या वेळात ओल्या कपड्यांतला माणूस गारठतो. जाण्यापूर्वी किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालातरी परतण्याची वेळ सांगून ठेवली असेल, तर फोन लागला नाही तरी शोध सुरू होतो.

किनारवाट

आपण सर्वांनी सुचवल्याप्रमाणे काल मी एकटाच गेलो, पण गुहेत शिरलो नाही आणि कोपराही ओलांडला नाही. अलीकडच्या पुळणीवर उंच जागी घड्याळ आणि वही घेऊन बसलो. कोपऱ्याच्या तळाशी एक मोठा, मध्ये चिरलेला दगड आहे, त्याच्या पायथ्याला पाणी लागणे केव्हा थांबते हे पाहायचे ठरवले होते. तक्त्यात ओहोटी ०.५ मीटर होती आणि भरती ४.४ मीटर. भांगउधाण यांच्या पद्धतीने कोपरा ओहोटीच्या ३५ ते ४० मिनिटे आधी उघडा पडायला हवा होता. प्रत्यक्षात शेवटची लाट दगडाला लागली ती ओहोटीच्या २० मिनिटे आधी आणि पुन्हा पहिली लागली ती ओहोटीनंतर २० मिनिटांनी. समुद्र शांत होता, तरीही अर्धा अवधी लाटांनीच खाल्ला. म्हणजे माझ्या कोपऱ्याचा कामाचा आकडा ०.७ नसून ०.६ आहे.

पुढच्या अमावास्येनंतर दोन दिवसांनी ओहोटी ०.२ मीटर आहे. त्या हिशोबाने कोपरा ओहोटीच्या सुमारे तासभर आधी उघडेल. स्वेल लांब आवर्तकालाचा नसेल आणि हवेचा दाब उतरलेला नसेल, तर २० मिनिटे लाटा पाहून मी आत जाईन आणि ओहोटीच्या मिनिटाला कोपऱ्याच्या अलीकडे परतलेला असेन. बहिणीला हा सगळा हिशोब वाचून दाखवला. ती या वेळी पुळणीवर बसून चिरलेल्या दगडावर लक्ष ठेवणार आहे आणि दगडाला पाणी लागताच शिट्टी वाजवणार आहे.

लाटमोजणी

शिट्टीची कल्पना चांगली आहे, पण लाटांच्या आवाजात ती गुहेच्या आत ऐकू येईलच असे नाही. आपल्या घड्याळात गजर लावून ठेवा, आणि तो ओहोटीच्या मिनिटाचा नको, त्याच्या १५ मिनिटे आधीचा असू द्या. आतून कोपऱ्यापर्यंत चालत यायला लागणारा वेळही त्यातूनच जाणार आहे.